मुलीला आईस हॉकीपटू व्हायचंय, नाशिकहून रस्ता आहे का?

शालिमारवाला:

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा चमत्कारिक आहे. हसून घ्या, पण हसून झाल्यावर उत्तरही द्या.

माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. सातव्या वर्षापासून स्केटिंग करते. आधी चार चाकांचे क्वाड होते, आता तीन वर्षं एका ओळीत चाकं असलेले इनलाईन. आमच्या भागातल्या रिंकवर सरांनी रोलर हॉकी सुरू केली तेव्हा गोलकीपर व्हायला कुणी तयार होईना, म्हणून ही झाली. चुलतभावाचे क्रिकेटचे पॅड बांधून उभी राहिली आणि तिला ते चक्क आवडलं. कुणीतरी आपल्या अंगावर जोरात काहीतरी मारतंय हे आवडणारी पोर आपल्या घरात कुठून आली, याचा तिची आजी अजून शोध घेते आहे.

२०२५ च्या जूनमध्ये भारताच्या मुलींनी अल ऐनला आईस हॉकीच्या आशिया कपमध्ये ब्राँझ जिंकलं. ती बातमी हिने पाहिली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कपाटाच्या दारावर यादी चिकटवली आहे: लेह, मग कॅनडा, मग "मोठी लीग". त्याच्याखाली तिच्या आईने पेन्सिलीने लिहिलंय, "आधी बीजगणित".

मी वह्या-पेनं विकणारा माणूस. मला खरं चित्र हवंय. हे लोक पोटापाण्यासाठी खेळतात म्हणजे नेमके जगतात कसे? घर कितव्या वर्षी सोडतात, पैसे मिळतात का, दात खरंच पडतात का, आणि खेळ संपल्यावर काय करतात? "स्वप्न बघू द्या तिला" आणि "वेड लागलंय का", ही दोन्ही उत्तरं घरात मिळाली आहेत. तिसरं कुणाकडे असेल तर सांगा.

कट्टेकरी_गंगापूररोड:

साहेब, नाशिकमध्ये बर्फ दोनच ठिकाणी: उसाच्या रसात आणि गोळ्यावर. बॅडमिंटनला घाला. हॉल आहेत, कोच आहेत, दर दोन महिन्यांनी स्पर्धा आहेत. हौस वेगळी आणि करिअर वेगळं. राग मानू नका.

गारठा_पिंपळगाव:

दादा, उत्तराला उशीर झाला. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आलाय आणि मी कॉम्प्रेसर उघडून बसलोय.

मी खेळाडू नाही, कोच नाही. मी बर्फवाला. पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजवर अमोनियाचा प्लांट चालवायचो, तिथून २००८ साली कॅनडाला गेलो आणि ओंटारिओतल्या एका लहान गावाच्या रिंकवर बारा हिवाळे काढले. वडिलांच्या आजारपणात परत आलो तो इथलाच झालो. द्राक्षाच्या पेट्या थंड करा नाहीतर काँक्रीटची लादी, अमोनिया तोच आणि नाकाला झोंबतोही तसाच. फरक इतकाच की तिथे लादीच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं, त्यातून शून्याखाली आठ-नऊ अंशांचं खारं पाणी फिरतं, आणि वर दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद असा जेमतेम इंच-सव्वा इंचाचा बर्फ. एवढ्याशा पापुद्र्यावर ती सगळी धुमश्चक्री. पहिल्या थरांवर पांढरा रंग फवारावा लागतो, नाहीतर बर्फ खालच्या काँक्रीटसारखा करडा दिसतो. आणि दोन डावांच्या मध्ये बर्फ सारखा करणाऱ्या झॅम्बोनी गाडीने वरून जे पाणी देतात ते गरम असतं, साठ अंशांच्या आसपास. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते खालच्या थराशी नीट सांधतं. हे ऐकून माझी आई म्हणाली होती, "म्हणजे तिकडे पगार उलटं करायचा देतात."

आता तुमचे प्रश्न.

घर सोळाव्या वर्षी सुटतं. आमच्या गावचा संघ ओंटारिओ हॉकी लीगमधला होता, ज्युनियर, सोळा ते वीस वर्षांची पोरं. लीगचे संघ पंधरा-सोळाच्या पोरांना निवडून घेतात, आणि ज्याने निवडलं त्याच्या गावी जायचं, मग ते गाव दोन तासांवर असो की बारा. राहायचं एका अनोळखी कुटुंबात. अशा घराला बिलेट म्हणतात. सकाळी शाळा, दुपारी सराव, शुक्रवारी घरच्या रिंकवर सामना, शनिवारी भलत्याच गावी सामना, मधली झोप बसमध्ये. एका मोसमात ६८ सामने. सू सेंट मरीला सामना असला की संघ परत यायच्या वेळी मी सकाळचा पहिला बर्फ करत असायचो. पोरं उतरायची ती चपटे केस आणि सुजलेले डोळे घेऊन, आणि तासाभराने शाळेत.

एक पोरगा सांगतो, कारण तो गोलकीपर होता. नाव लिहीत नाही. मी आरशासारखा बर्फ करून द्यायचो आणि हा सगळ्यांच्या आधी येऊन गोलपुढचा अख्खा भाग ब्लेडने खरवडून खडबडीत करायचा. पहिल्या वर्षी मला भयंकर राग यायचा. स्वच्छ सारवलेल्या अंगणात कुणी टाच घासावी तसं. मग एकदा त्यानेच समजावलं की ताज्या बर्फावर पाय हवा त्याहून जास्त सरकतो, त्याला पकड हवी असते. त्यानंतर मी त्याच्या गोलपुढे पाणीच बेताचं सोडायचो. सामन्याआधी सगळा संघ बोळात उभा राहून फुटबॉल हवेत टोलवत बसायचा, हा मात्र कोपऱ्यात तीन टेनिसचे चेंडू भिंतीवर मारून झेलायचा. पुढच्या दोन दातांचा ब्रिज काढून स्टीलच्या पेल्यात ठेवायचा. पेला माझा होता, नाशिकहून नेलेला.

अठराव्या वर्षी एनएचएलच्या, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सहाव्या फेरीत त्याची निवड झाली. फेऱ्या सातच असतात. गावात केक कापला गेला. पण निवड म्हणजे नोकरी नव्हे. आपल्याकडे राज्यसेवेची पूर्व परीक्षा पास झाल्यावर पेढे वाटावेत, तसं ते. तो एनएचएलचा एकही सामना खेळला नाही. तीन वर्षं ईसीएचएल या खालच्या लीगमध्ये, मध्ये थोडे दिवस त्याच्या वरच्या एएचएलमध्ये, मग जर्मनीत दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये, मग खुब्याचं ऑपरेशन. गोलकीपर गुडघे आत वळवून खाली बसतात ना, त्यात खुबे झिजतात. एकोणतिसाव्या वर्षी खेळ संपला. मग पुढे शिकला आणि आता अग्निशमन दलात आहे. दर दिवाळीला मेसेज येतो. मला तरी तो कुठे हरला असं वाटत नाही, पण त्याच्या गावी विचारलं तर लोक अजून "थोडक्यात हुकलं" असंच म्हणतात.

पैशांचं. एनएचएलमध्ये २०२५–२६ च्या मोसमाचा किमान पगार ७,७५,००० डॉलर, म्हणजे पावणेसात कोटी रुपयांच्या घरात. पण संघ ३२, दर संघात जास्तीत जास्त २३ जण. साऱ्या जगात सव्वासातशे-साडेसातशे खुर्च्या. मुलींची धंदेवाईक लीग, पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. तेव्हा सहा संघ होते, २०२५–२६ मध्ये आठ झाले. पहिल्या मोसमात तिथला किमान पगार ३५,००० डॉलर होता. तिकडचं घरभाडं भरून त्यातलं काय उरतं ते मी राहून पाहिलंय.

दात पडतात. २०१० मध्ये शिकागोच्या डंकन कीथचे एका फटक्यात सात दात गेले आणि तो त्याच सामन्यात परत खेळायला उतरला. तुमची मुलगी गोलकीपर, तिच्या तोंडावर जाळी असेल, तेव्हा आजीला सांगा दात शाबूत राहतील. पण तो मास्कही १९५९ पर्यंत कुणी सामन्यात नेमाने घालत नसे. माँट्रियलचा जॅक प्लांट १ नोव्हेंबर १९५९ ला चेहऱ्यावर टाके घालून आला आणि मास्कशिवाय उतरणार नाही म्हणून अडून बसला, तेव्हा पद्धत पडली. पक म्हणजे ती रबरी चकती, वजनाला जवळपास क्रिकेटच्या चेंडूएवढी. टप्पे खाऊ नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. ताशी दीडशे किलोमीटरने येते. आणि खेळाडू बर्फावर एका वेळी पाऊण मिनिटच असतो. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची, तसं: जीव खाऊन जायचं आणि परत बाकावर यायचं. गोलकीपर तेवढा साठही मिनिटं उभा.

थोडं यागरबद्दल लिहू द्या, नाहीतर मला झोप येणार नाही. यारोमिर यागर, चेकोस्लोव्हाकियातल्या क्लॅडनो या पोलादाच्या कारखान्यांच्या गावचा. लहानपणी रोज हजार बैठका मारायचा. आपल्या तालमीतल्या वस्तादाने ऐकलं तर जवळ घेईल त्याला. आजोबांची शेती सरकारने काढून घेतलेली, आजोबा गेले १९६८ साली, त्याच साली रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले. म्हणून पाठीवर आयुष्यभर ६८ नंबर. निफाड-दिंडोरीच्या माणसाला हा नंबर समजावून सांगावा लागत नाही. १९९० च्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्गने त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं. अठरा वर्षांचा, इंग्रजी येईना, घरच्या आठवणीने इतका खंगला की त्या डिसेंबरात संघाने यिरी ह्रडिना नावाचा एक मोठा चेक खेळाडू दुसऱ्या संघाकडून घेतला. सोबत म्हणून! पुढे १९९१ आणि १९९२ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, १९९८ ला नागानोत ऑलिम्पिक सुवर्ण, एनएचएलमध्ये गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून १,९२१ गुण. त्याच्या वर फक्त कॅनडाचा वेन ग्रेट्स्की. आणि पन्नाशी ओलांडल्यावरही हा बाबा क्लॅडनोच्याच संघातून खेळत होता, संघाचा मालक होऊन. एवढ्या मोठ्या माणसालाही सुरुवातीला आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी लागलं. मुलगी लांब गेली तर हे लक्षात असू द्या.

भारतीय वंशाचेही आहेत. रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये उतरलेला पहिला. मॅनी मल्होत्रा ९९१ सामने खेळला. २०११ च्या मार्चमध्ये डोळ्यावर पक बसला, नजर गेल्यातच जमा होती, आणि जूनमध्ये तो फायनलला मैदानात. पण हे सगळे कॅनडात वाढलेले.

आणि इथेच खरी मेख आहे. रिंकच्या बुकिंगची वही माझ्याकडे असायची. सकाळी सहाला पाच-पाच वर्षांची पोरं, बाप गुडघ्यावर बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या आवळतोय. आठवड्याला चार तास, वर्षाचे सात महिने. माझ्या वहीच्या हिशेबाने तेराव्या वर्षापर्यंत मूल हजारेक तास बर्फावर उभं राहिलेलं असतं. तुमच्या मुलीचा आकडा आज शून्य आहे. रोलरचे तास वाया जात नाहीत, नजर आणि हात तयार होतात, पण पाय नव्याने शिकावे लागतात. म्हणून मी त्या यादीतल्या खालच्या दोन ओळी सध्या झाकून ठेवीन. लेहची ओळ राहू द्या. आधी तो शून्य मोडा.

(गंगापूररोडकर, रिंक बांधणं अवघड नाही. चालू ठेवणं अवघड आहे. डेहराडूनची रिंक २०११ च्या स्पर्धांसाठी बांधली, बरीच वर्षं कुलूप होतं, २०२५ मध्ये पुन्हा उघडली. नाशिकमध्ये मे महिन्यात असा बर्फ राखायचा तर वीजबिल कोण भरणार ते आधी सांगा.)

पाथर्डीफाटा_ताई:

गारठाभाऊ, एवढं लिहिलंत, पेल्याचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.

माझा मुलगा याच शहरात पाच वर्षं इनलाईन खेळला. पहाटे साडेपाचची प्रॅक्टिस, मी स्कूटरवर, तो मागे झोपेत डुलतोय, हेल्मेट माझ्या पाठीवर टणटण आपटतंय. दहावीत सोडलं. मला वाईट वाटलं, त्याला नाही. शालिमारवाले दादा, मुलीला वर्षातून एकदा सहज विचारत जा, "अजून आवडतंय ना?" एकदाच. दर आठवड्याला विचारलंत तर ती तुमच्यासाठी हो म्हणेल.

तोफखाना_देवळाली:

जय हिंद. देवळाली कॅम्पातून. मी तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं, त्यातली दोन लेहला. आमच्या वेळी १९९५-९६.

लेह साडेअकरा हजार फुटांवर. पहिल्या रविवारी मी करझूच्या तळ्यावर सामना बघायला गेलो आणि तळ्याकाठी उभं राहूनच धाप लागली. ती लडाखी पोरं मात्र धावत नव्हती, उडत होती. तिथले जुने लोक सांगायचे की सुरुवातीला आर्मीच्या बुटांनाच खाली पाती ठोकून खेळायचे. आमच्या युनिटने रात्री पाइपने पाणी मारून स्वतःचं मैदान केलं होतं. एकदम ओतायचं नाही, पातळ थर, गोठला की दुसरा थर. एकदा आमच्या सुभेदारसाहेबांनी घाई करून सगळं पाणी एकाच वेळी सोडलं. वर साय, खाली पाणी. सकाळी पहिला जो उतरला तो मी. घोट्यापर्यंत आत. बाकी युनिटने हे पुढे विसरू दिलं नाही.

ऊन चढलं की उघड्यावरचा बर्फ मऊ पडतो, म्हणून सामने सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर. मोसम कसाबसा दोन महिन्यांचा, जानेवारी-फेब्रुवारी. एवढ्या दिवसांत जे काय शिकायचं ते.

साहेब, आपल्या देशात या खेळाचा पगार देणारी लीग नाही. इथे धंदेवाईक खेळाडू म्हणजे वर्दीतला खेळाडू. आर्मी, लडाख स्काउट्स, आयटीबीपी. आयटीबीपीचा महिला संघही आहे. नोकरी फौजेची, खेळ हिवाळ्यात. आणि ज्या मुलींनी ब्राँझ आणलं त्यातल्या बहुतेक लडाखच्या, काही हिमाचलच्या स्पितीच्या. २०१६ मध्ये त्यांचा संघ पहिल्यांदा बाहेर, तैपेईला गेला, तो लोकांकडून वर्गणी गोळा करून. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४–३ ने हरवलं, तो पहिला विजय. हे ऐकवा मुलीला, कॅनडाच्या आधी.

जानेवारीत लेहला शिकवणी शिबिरं होतात. न्या तिला. पण विमानातून उतरून दोन-तीन दिवस नुसतं पडून राहायचं. पाणी प्यायचं आणि झोपायचं. नाशिकची माणसं "मला काही होत नाही" म्हणून लगेच बाजारात जातात आणि संध्याकाळी ऑक्सिजन लावून बसतात. मी बघितलंय.

शालिमारवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. गारठाभाऊ, तुमचं उत्तर मी तिला वाचून दाखवलं. हजार तासांवर आली तेव्हा मी जरा अडखळलो, तर म्हणाली, "वाचा ना बाबा, मला माहितीये शून्य आहे ते."

जानेवारीत शाळेला आठ दिवस दांडी ठरली. मी आणि ती. दुकान मेव्हणा बघेल. तिच्या आईने होकार दिला नाही, पण लोकरीचे मोजे काढून ठेवलेत.

तिचा एकच प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत लिहितो: "काका, बर्फावर थांबायचं कसं? व्हिडिओत कळत नाहीये."

गारठा_पिंपळगाव:

ताई, पेला त्याच्याकडेच राहिला. बहुतेक अजून त्यात दातच असतील.

बेटा, बरोबर प्रश्न विचारलास. इनलाईनचं चाक आडवं घसरत नाही, म्हणून तू पाय ओढून किंवा गोल वळून थांबतेस. बर्फावरचं पातं बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षाही अरुंद असतं आणि तळाला त्याला बारीक खाच असते, त्यामुळे त्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. थांबताना दोन्ही पाय एकदम आडवे करायचे, गुडघे वाकवायचे आणि त्या धारांनी बर्फ तासायचा. सुताराचा रंधा पाहिलायस? लाकडावर तिरका टेकवून ढकलतो तसं. जोर खूप दिलास तर पातं रुतून तू उडशील, कमी दिलास तर भिंतीवर जाशील. पहिले दोन दिवस भिंतीवरच जाशील, सगळेच जातात. आधी हळू जाऊन एकाच पायाने बर्फाचा भुगा उडवून बघ, फळीला धरून. भुगा दिसला की जमायला लागलं. आणि गोलकीपरचे स्केट वेगळे असतात, त्यांचं पातं लांब आणि सपाट. पहिल्या वेळी ते मागू नकोस, साधे घाल.

दादा, तुमच्यासाठी एकच: गळ्याचं संरक्षण, नेक गार्ड, घेतल्याशिवाय तिला बर्फावर सोडायचं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये शेफील्डला एका धंदेवाईक खेळाडूच्या गळ्याला सामन्यात दुसऱ्याच्या स्केटचं पातं लागलं आणि तो वाचला नाही. हेल्मेट तिकडे मिळेल, हे मिळेलच असं नाही. इथूनच मागवून न्या.

मार्चमध्ये प्लांटवर या दोघं. द्राक्षं चालू असतील, तिला अमोनियाचा कॉम्प्रेसर दाखवतो.

तोफखाना_देवळाली:

आणि बीजगणिताचं पुस्तक बरोबर न्या. लेहला जानेवारीत संध्याकाळी सहानंतर बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, बसण्यापलीकडे करायला काही नसतं.